दोन मिड-साइज एसयूव्हींमध्ये अडकलायत? मग या चुका टाळा

दहा गाड्यांमधून दोन निवडणं सोपं असतं, खरं डोकं फिरतं ते दोनातून एक निवडताना. रोज रात्री व्हिडिओ बघायचे, आज ही बरी वाटते उद्या ती, घरात प्रत्येकाचं मत वेगळं आणि शेवटी कंटाळून कोणतीतरी एक बुक करून मोकळं व्हायचं. मी हे सगळं केलंय, म्हणून सांगतोय, कारण गाडी एकदा घेतली की सात-आठ वर्षं तिच्यासोबतच काढायची असतात.

व्हिडिओतली गाडी एक, आपण घेणार दुसरीच

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. रिव्ह्यूसाठी बहुतेक वेळा टॉप मॉडेल दिलं जातं, मोठी व्हील्स, ३६० डिग्री कॅमेरा, लेदर सीट्स, सगळं असलेलं, आणि आपलं बजेट असतं मधल्या व्हेरियंटचं. मग डोक्यात एका गाडीचं टॉप मॉडेल आणि दुसरीचं मधलं अशी तुलना चालू राहते आणि आपल्याला ते कळतही नाही. उपाय एकच, कागद घ्या आणि हातात पडेपर्यंत साधारण सारखाच खर्च येणारे दोन नेमके व्हेरियंट लिहा, इंजिन आणि गिअरबॉक्ससकट. त्या व्हेरियंटमध्ये जे नाही ते सरळ खोडून टाका. एअरबॅग किती, ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का, मागच्या मधल्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट आहे का, हे आधी बघा, सनरूफ नंतर.

आणि ‘मिड-साइज’ या शब्दावरही जाऊ नका. अमेरिकेत मिड-साइज म्हणतात ती गाडी बऱ्याचदा पावणेपाच-पाच मीटर लांब असते, बाकी बऱ्याच ठिकाणी सव्वाचार-साडेचार मीटरच्या गाडीलाही तेच म्हणतात. त्यामुळे परदेशी रिव्ह्यू बघताना लांबी आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मिलिमीटरमध्ये तपासा.

आकडे बघायचे, पण एकाच मापाने

एका ब्रोशरमध्ये पॉवर किलोवॅटमध्ये, दुसऱ्यात पीएसमध्ये, तिसरीकडे बीएचपी. १०० किलोवॅट म्हणजे साधारण १३६ पीएस किंवा १३४ बीएचपी, म्हणजे गाडी तीच, आकडा वेगळा. टॉर्क किती यापेक्षा तो किती आरपीएमला मिळतो ते जास्त महत्त्वाचं, कारण ट्रॅफिकमध्ये आपण १५०० ते २५०० च्या मध्येच असतो.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. युरोपात २०१७ पासून अ‍ॅव्हरेज मोजायच्या जुन्या एनईडीसी टेस्टच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही नवी टेस्ट आली, ती रोजच्या वापराच्या जास्त जवळची आहे, त्यामुळे एका गाडीचा जुन्या टेस्टचा आकडा आणि दुसरीचा नव्या टेस्टचा समोरासमोर ठेवला तर निकाल चुकणारच. अजून एक हिशेब बरेच जण करत नाहीत. १२ वरून १४ चं अ‍ॅव्हरेज झालं तर १०० किलोमीटरला जवळपास १.२ लिटर वाचतं, पण १८ वरून २० झालं तर साधारण अर्धा लिटर. दोन्हीकडे फरक ‘दोनचाच’ दिसतो! म्हणून १०० किलोमीटरला किती लिटर लागतं तेच काढा आणि आपल्या महिन्याच्या रनिंगने गुणा.

क्रॅश टेस्टच्या स्टार्सखाली वर्ष लिहिलेलं असतं, ते वाचा. युरोपात क्रॅश टेस्ट घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या टेस्ट दर काही वर्षांनी कडक होतात, २०२० मध्ये तर समोरच्या धडकेचा बॅरिअरच बदलला, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच स्टार एक नाहीत.

फक्त अ‍ॅव्हरेजसाठी डिझेल

माझ्या एका मित्राने हेच केलं. त्याचं रोजचं रनिंग तीन-चार किलोमीटर, मुलांना सोडायचं आणि परत यायचं. काही महिन्यांत डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा लाइट लागला. झालं असं की डिझेलच्या धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला साधारण ६०० डिग्री तापमान लागतं, छोट्या फेऱ्यांमध्ये ते होतच नाही आणि काजळी जाळायच्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांमुळे काही गाड्यांमध्ये डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरायला लागतं. असा लाइट लागला तर गाडी लगेच बंद करू नका, मॅन्युअल बघा आणि मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या स्पीडने चालवा, तरीही गेला नाही किंवा दुसरा लाइट सोबत लागला तर सर्व्हिस सेंटर गाठा. पण मुळात रनिंग इतकं कमी असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिडच बघा ना.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, दहा मिनिटांची

मी पहिल्यांदा असंच केलं होतं, स्टिअरिंग मस्त, पिकअप मस्त, पसंत! दुसऱ्यांदा आईला नेलं. एका गाडीत ती सहज बसली, सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती. दुसऱ्या गाडीचा दाराखालचा उंबरा इतका रुंद की पाय आत घेताना तिला वरचं हँडल धरावं लागलं आणि उतरताना गुडघा धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. ती काही बोलली नाही, पण मला जे कळायचं ते कळलं. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नव्हतं.

तेव्हा दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरातली माणसं बसवून चालवा. आधी स्वतःच्या हिशेबाने ड्रायव्हर सीट लावा आणि मग त्याच सीटच्या मागे बसा. चाइल्ड सीट असेल तर ती घेऊन जा आणि लावून बघा, ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कधीकधी कुशनमध्ये इतके खोल असतात की हात जात नाही. चढावर थांबवून पुन्हा उचला, खराब रस्त्यावर ४० च्या स्पीडने न्या.

डिकीच्या लिटरवर तर अजिबात विसंबू नका. ते माप एक-एक लिटरचे ठोकळे रचून काढतात, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, आणि ठोकळे कोपऱ्यात मावतात, आपली बॅग नाही. शिवाय कुणी काचेच्या खालच्या कडेपर्यंत मोजतं, कुणी छतापर्यंत. आपली सगळ्यात मोठी बॅग नेऊन ठेवा आणि स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट तेही तिथेच बघा.

मोठी व्हील्स आणि ऑल-व्हील ड्राइव्ह

१७ इंची व्हीलच्या २१५/६० आर१७ टायरची बाजूची भिंत १२९ मिलिमीटर, १८ इंचीच्या २१५/५५ आर१८ ची ११८. हा ११ मिलिमीटरचा फरक खड्ड्यात कमरेला जाणवतो आणि टायर बदलताना खिशाला. फोटोत १८ इंची छान दिसतात हे मान्य, पण रस्ते खराब असतील तर मी १७ च घेईन. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना, बर्फ, चिखल, निसरडा चढ यासाठी खरंच उपयोगी, पण त्याने ब्रेक लवकर लागत नाही, ते काम टायरचं.

एवढं करूनही बरोबरीच सुटत नसेल तर

रात्री पुन्हा एकदा चालवा. मोठ्या स्क्रीनचा उजेड काचेत दिसतो का, रस्त्यावरून नजर न हटवता एसी कमी-जास्त करता येतो का, लो बीम किती लांब पडतो. आमच्या बाबतीत कागदावर जिंकत असलेली गाडी इथेच मागे पडली, वळणावर तिचा लाइट सरळच जायचा आणि रस्त्याची आतली कड अंधारात राहायची, दुसऱ्या गाडीत तीच कड स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती दुसरी बुक केली.