सिएरातला बर्फ वितळायच्या आत: टुलेरी खोऱ्यातल्या बागायतदारांसाठी

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो, विसालिया, हॅनफर्ड या पट्ट्यात कुणी बदाम-पिस्त्याची बाग घेतली आहे, कुणी पाच-दहा एकरांवर भाजीपाला करतं. आपल्या डोक्यात पुराचं गणित मात्र अजून गावाकडचं असतं. ढग भरून आले, धो धो कोसळला, धरणाचे दरवाजे उघडले, की पाणी शिवारात. इथे हिवाळी पावसाचे पूर तसे येतात. पण महिनोन्‌महिने न हटणारा पूर येतो निरभ्र आकाशाखाली, मे-जूनच्या कडक उन्हात, सिएरा नेवाडा डोंगरांवरचा बर्फ वितळून. त्याची तयारी मार्च-एप्रिलमध्येच करावी लागते. ऊन तापल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

डोंगरावर बर्फ किती फूट साचला हे विचारू नका, त्यात पाणी किती आहे ते विचारा. हिममोजणीची माणसं ॲल्युमिनियमची पोकळ नळी बर्फात थेट जमिनीपर्यंत घुसवतात, भरलेली नळी काट्याला अडकवून तोलतात आणि त्यावरून पाण्याचा हिशेब काढतात. 3 एप्रिल 2023 रोजी सिएरातल्या फिलिप्स स्टेशन या मोजणीच्या ठिकाणी 126.5 इंच बर्फ होता आणि त्यात 54 इंच पाणी! म्हणजे छातीइतकं पाणी, तेही उतारावर टांगलेलं. राज्यभराची सरासरी त्या वेळी नेहमीच्या 237 टक्के होती आणि आपल्या डोक्यावरच्या दक्षिण सिएरात जवळपास तिप्पट. दक्षिणेकडचे डोंगर जास्त उंच, म्हणून तिथला बर्फ उशिरा वितळतो, पार जुलैपर्यंत.

हे पाणी जातं कुठे? किंग्ज, कविया, टुली आणि कर्न या चार नद्या ते खाली आणतात. किंग्जचं काही पाणी उत्तरेला वळवून सॅन वाकीन नदीत सोडता येतं, तिथून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला मिळतं. बाकीच्याला समुद्राची वाट नाही. ते खोऱ्याच्या तळाशी, जुन्या टुलेरी सरोवराच्या जागी जाऊन बसतं. मिसिसिपीच्या पश्चिमेचं हे एके काळचं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. योकुट लोक त्याला पाआशी म्हणतात. नद्या वळवून ते आटवलं आणि तळात कापूस, टोमॅटो, करडई उभी राहिली. 1983, 1997 आणि 2023 मध्ये ते परत आलं, 2023 ला तर लाखभर एकरांहून जास्त जमीन व्यापून. तळाकाठच्या कॉर्कोरन गावाजवळचे रस्ते सरळ पाण्यात शिरलेले दिसत होते आणि विजेचे खांब पाण्यात उभे होते.

धरणं आहेत, पण त्यांच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. किंग्जवरच्या पाइन फ्लॅटमध्ये साधारण 10 लाख एकर-फूट पाणी मावतं, आपल्या भाषेत जेमतेम 44 टीएमसी. कोयनेच्या 105 टीएमसीच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे जास्त बर्फाच्या वर्षी धरण आधीच रिकामं करत जावं लागतं आणि पाऊस नसतानाही नदी दुथडी वाहते. राज्याच्या जलसंपदा खात्याचं ‘बुलेटिन 120’ हे पत्रक फेब्रुवारीपासून मेपर्यंत येतं, त्यात एप्रिल ते जुलैमध्ये कुठल्या नदीला किती पाणी येईल याचा अंदाज असतो. आपल्या नदीचा तो आकडा आणि धरणातून रोज सुटणारं पाणी, या दोनच गोष्टी वहीत लिहीत चला.

शेताची उंचीही नव्याने मोजून घ्या, जुन्या नकाशावर विसंबू नका. भूजलाच्या बेसुमार उपशाने इथली जमीन कैक फूट खचली आहे, आणि तिच्याबरोबर बांधही. कॉर्कोरनचा बांध पुन्हा उंच करायला राज्याने 2023 मध्ये 1 कोटी 70 लाख डॉलर दिले. दहा वर्षांपूर्वी कोरडं राहिलेलं रान यंदाही राहील, असं धरून चालू नका.

आता बागेकडे. हिवाळ्यात पानं गाळून झोपलेली बदामबाग साचलेलं पाणी बऱ्यापैकी सोसते. पालवी फुटल्यावर मात्र दोन-तीन दिवसांत मुळं गुदमरू लागतात. नेमागार्ड जातीच्या खुंटावर कलम केलेली झाडं तर फारच नाजूक. विदर्भातल्या संत्र्यावर डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा बुरशी इथेही बुंध्याशी बसते. म्हणून एप्रिलमध्येच चर उपसा, बुंध्याजवळची माती मोकळी करा, पाणी बाहेर काढायची जागा ठरवा. ते शेजाऱ्याच्या रानात जाणार असेल तर त्याच्याशी आधी बोला. 2023 मध्ये बांध कुठे फोडायचा यावरून इथे माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली होती. शेजारी पंजाबी असो की पोर्तुगीज डेअरीवाला, हे बोलणं चहा पिता पिता झालेलं बरं.

लसूणघासाची गोष्ट वेगळी. थंडीत तो आठवडाभर पाण्यात तग धरतो, पण पारा 100 फॅरनहाइटवर गेला की साचलेलं पाणी त्याला शिजवून काढतं.

रान वाळूचं असेल तर हेच पाणी कमाई आहे. फ्रेस्नो भागातल्या टेरानोव्हा रँच या शेतावर 2011 च्या पुरात किंग्जचं पाणी द्राक्षबागेत सोडून जमिनीत मुरवलं आणि वेली जगल्या. असं करायचं तर पाण्याच्या परवानगीची चौकशी आपल्या भूजल संस्थेकडे आधी करा, आणि आपली माती पाणी मुरवते का ते डेव्हिस विद्यापीठाच्या नकाशावर पाहा. सरोवराच्या तळातल्या चिकणमातीत याचा उपयोग नाही, तिथे पाणी खाली उतरतच नाही.

पंपाची मोटर, वीजपेटी, डिझेलची टाकी आणि औषधांचे डबे आधी उंचावर न्या. विहिरीचं तोंड बुडालं असेल तर निर्जंतुकीकरण आणि तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, भाजी धुवायलाही वापरू नका. पुराचं पाणी लागलेला खाण्याचा माल विकता येत नाही. वरून कितीही चकचकीत दिसला तरी कायद्याने तो दूषित. डेअऱ्यांचं सांडपाणी त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे हा नियम योग्यच आहे. विमा असेल तर नुकसान दिसल्यापासून 72 तासांत एजंटला लेखी कळवा, फोटो तारखेसकट ठेवा.

पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टर घालायची घाई नको. फावड्याने हातभर खड्डा घ्या. माती निळसर-करडी दिसली आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर खाली अजून हवा नाही. मूठभर माती दाबून बोटाने ढकला, गोळा फुटून भुगा झाला की वाफसा. त्याआधी चाक फिरलं तर तळाशी जो थर घट्ट बसतो तो पुढची दोन-तीन पिकं खातो. पांढरी खपली दिसली तर क्षाराची तपासणी करून घ्या. शिरोळ-वाळव्याकडच्यांना हे दुखणं नव्याने सांगायला नको.

आणि पहिलं पीक कोणतं, याचा विचार करताना करडई विसरू नका. सोलापूरकडे जी रब्बीत नुसत्या ओलीवर येते तीच, या सरोवराच्या तळात कित्येक दशकं घेतली जाते. सोटमूळ खोल जातं आणि खालची ओल ओढून घेतं. फक्त उन्हाच्या तडाख्यात तिला वरून पाणी देऊ नका, मूळकूज लगेच लागते.