संकल्पनाचित्र घेण्याआधी: टीप झाका, कागद मागा

संकल्पनाचित्रात, म्हणजे दिसण्यापेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या चित्रात, कल्पना खरंच चित्रात आहे की फक्त शेजारी लावलेल्या खुलाशाच्या टिपेत, हे विकत घेणाऱ्याला चटकन कळत नाही.

१. टीप झाकून पाच मिनिटं नुसतं चित्र बघा. जे दिसतं ते एका ओळीत लिहा.
२. मग टीप वाचा. टिपेतली कल्पना चित्राच्या कुठल्या निर्णयात उतरली आहे ते शोधा: आकार, रंग, अक्षरं की करण्याची पद्धत? जपानी चित्रकार ऑन कावारा यांच्या १९६६ पासूनच्या तारीख-चित्रांत फक्त तारीख रंगवलेली असते. पण चित्र त्याच दिवशी पुरं झालं नाही तर कावारा ते नष्ट करत. इथे नियम हाच आशय आहे. असं काहीच सापडलं नाही आणि टीप कुठल्याही चित्राला चालेल अशी असेल, तर घेऊ नका.
३. विकणाऱ्याकडून लेखी प्रमाणपत्र घ्या, त्यात हे हवं: शीर्षक, वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमध्ये मापं, एकमेव की आवृत्तीतलं (अनेक प्रतींपैकी एक), चित्राचा फोटो, चित्रकाराची मूळ सही. सोबतची पेटी, कात्रण, सूचनापत्र कलाकृतीचाच भाग आहे का, हेही नोंदवून घ्या. भाग खराब झाला तर पुन्हा कोण करणार, हे आधीच ठरवा. नंतर वाद इथेच होतात.

प्रमाणपत्राची झेरॉक्स चालत नाही. अमेरिकन चित्रकार सोल लेविट यांच्या थेट भिंतीवर काढायच्या चित्रांत रेषा पुन्हा काढता येतात, पण मालकी सही केलेल्या प्रमाणपत्रावर आणि चित्र कसं काढायचं ते दाखवणाऱ्या आकृतीवर टिकते. मूळ कागद चित्रामागे चिकटवू नका, आम्लमुक्त पाकिटात वेगळे ठेवा.