शिबिराला निघताना: स्कोपच्या आधी दिवा सामानात भरा

गेल्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या एका छोट्या रुग्णालयात कोलोनोस्कोपीचं, म्हणजे कॅमेऱ्याची नळी (स्कोप) आत घालून मोठं आतडं बघण्याच्या तपासणीचं शिबिर होतं, एका दिवसात सात पेशंट. स्कोप, औषधं, फोर्सेप सगळं मोजून नेलं. खोलीतल्या उजेडाचा विचारच केला नाही. पोचल्यावर सगळ्या ट्यूबलाइट बंद करायला सांगितल्या, खिडक्यांना काळा कागद लावला. मिट्ट काळोखात मॉनिटरवरचं चित्र इतकं उठून दिसत होतं की मी खूश होतो. चौथ्या पेशंटच्या वेळी माझे डोळे चुरचुरू लागले, पाचव्याच्या वेळी कपाळ ठणकायला लागलं. सहाव्याच्या असेंडिंग कोलनमध्ये (मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या, वर चढणाऱ्या भागात) अस्तराच्या घडीआड एक चपटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची वाढ, होता. तो मला दिसला नाही, शेजारी उभ्या सिस्टरना दिसला. "सर, जरा परत आत घ्या ना." त्या बोलल्या नसत्या तर तो माणूस "सर्व ठीक" असा रिपोर्ट घेऊन घरी गेला असता.

प्रेपचं, म्हणजे आधी आतडं साफ करायच्या औषधाचं, तुम्हाला माहीत आहे: अर्धा डोस आदल्या संध्याकाळी, अर्धा तपासणीच्या चार ते सहा तास आधी. आपल्याकडे एक गोष्ट मात्र स्वतः बजावा, कोकम सरबत आणि सोलकढी बंद. पातळच आहे म्हणून लोक पितात आणि आत लाल द्रव दिसला की रक्त की कोकम ते कळत नाही. शहाळ्याचं पाणी, पेजेची गाळलेली निवळ चालेल. जांभळं, करवंदं, बियांचं काहीही तीन दिवस आधीपासून नको. संमतीपत्र, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी, हे सांगायला नकोच.

आता दिवा. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा एक छोटा, मंद, पांढरा दिवा. पांढराच हवा, पिवळ्या किंवा रंगीत उजेडात डोळा त्या रंगाला सरावतो आणि आपलं निदान तर आतड्याच्या अस्तराच्या रंगावरच चालतं. हा दिवा चित्र उजळायला नाही, मॉनिटरभोवतीची भिंत काळी राहू नये म्हणून आहे. काळोखात बाहुली मोठी होते, समोर झगझगीत चौकोन असतो, नजर चौकोनावरून ट्रॉलीकडे, ट्रॉलीवरून पेशंटकडे जाते आणि दर वेळी डोळ्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. दोन पेशंटच्या मधे रिपोर्ट लिहायला ट्यूबलाइट लावली की आणखी एक फटका. मी दिवसभर हेच केलं. म्हणून पुन्हा सांगतो, दिवा न्या. तिथं मिळेल म्हणून जाऊ नका, मिळत नाही.

दुसरं टोकही चुकीचं आहे. तुमच्या पाठीमागची ट्यूबलाइट मॉनिटरच्या काचेत पांढऱ्या पट्टीसारखी उमटते आणि नेमकी ती पट्टी जिथं असते तिथलं आतडं दिसत नाही. पाठीमागचे दिवे बंद, मॉनिटरमागचा चालू. बायोप्सीच्या (तपासायला काढलेल्या तुकड्यांच्या) बाटल्यांवर नाव लिहायला सिस्टरना खाली वाकवलेला वेगळा दिवा द्या. आणि भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काळोख करू नका. गुंगीतल्या पेशंटच्या ओठांचा रंग त्यांना दिसलाच पाहिजे, ऑक्सिमीटर लावलेला असला तरी.

पश्चिमेची खिडकी असेल तर आधीच विचारून ठेवा. चारनंतर ऊन थेट आत येतं, समुद्रावरच्या वाऱ्याने पडदा हलतो आणि फटीतली उन्हाची तिरीप मॉनिटरवर नाचत राहते. कपड्यांचे डझनभर चिमटे न्या आणि पडद्याच्या कडा भिंतीलगत आवळा. काळा कागद चिकटवत बसू नका, दमट हवेत दुपारपर्यंत सुटतो.

लाइट जाणार हे धरूनच चला. प्रोसेसर (स्कोपचं चित्र मॉनिटरवर आणणारं यंत्र) आणि मॉनिटर यूपीएसवर असतात, दिवा मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावला जातो. मग लाइट गेली की नेमका तोच विझतो आणि तुम्ही पुन्हा काळोखात. दिवा चार्जिंगचा घ्या, रात्री चार्ज करा.

मॉनिटर अगदी समोर, मधला भाग डोळ्यांच्या थोडा खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्यातून मान वर करून बघावं लागतं, त्यापेक्षा मॉनिटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. स्क्रीनकडे बघताना पापणी आधीच कमी लवते, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडतात. दोन पेशंटच्या मधे बाहेर जाऊन लांबवर बघा, समुद्र दिसत असेल तर समुद्राकडे. आणि यादीच लहान ठेवा. सात फार होतात, हे मी आता ठामपणे सांगतो. स्कोप बाहेर काढताना किमान 6 मिनिटं हा जुना निकष, 2024 साली अमेरिकेतल्या संस्थांनी तो 8 वर नेला. दुखणाऱ्या डोळ्यांना ती दोन मिनिटं नकोशी होतात आणि घडीआडचं तिथंच निसटतं.

शेवटचा पेशंट झाल्यावर स्कोप लगेच धुवायला, पेशंट पूर्ण जागा झाल्याशिवाय सोडायचा नाही, सोबत नातेवाईक हवा, रिपोर्टमध्ये प्रेप कसा होता ते लिहा. बाकी तुमचं तुम्ही बघाल. दिवा घेतलात ना? गाडी सुरू करण्याआधी डिकी उघडून बघा.