वेरूळचे जुने फोटो कृष्णधवल करताना

कैलास लेण्याचे माझे २००७ सालचे जेपेग फोटो अगदी निस्तेज होते. आभाळ फिकं निळं, बेसॉल्टवर मळकट पिवळी झाक. नुसतं सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणलं, तर दगड आणि आभाळ एकाच राखाडी छटेत मिसळून जायचे. मग गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला मोनो मिक्सर वापरला; फोटोच्या तीन रंग-चॅनेलपैकी कुठला किती घेऊन राखाडी छटा बनवायची, ते त्यात ठरवता येतं: लाल ७०, हिरवा ३०, निळा शून्य टक्के. आभाळ गडद झालं, तपकिरी दगड उजळला आणि ध्वजस्तंभावरचं कोरीवकाम काय सुरेख उठून आलं! जुन्या कॅमेऱ्यांत नॉइज (नको असलेले बारीक ठिपके) बहुधा निळ्या चॅनेलमध्येच जास्त असतो, तोही गेला. लाल मात्र फार ताणू नका, आभाळात जेपेगचे चौकोन उमटतात. शेवटी कर्व्हने (उजेड-अंधार जुळवायच्या साधनाने) सावल्या किंचित उजळल्या, वर फिल्मसारखा बारीक ग्रेन (रवाळपणा) टाकला. हे सगळं कॉपीवरच करा.