नावावर भलत्याचंच कर्ज दिसतंय? या चुका टाळा

घरकर्जाची फाइल घेऊन बँकेत बसलो होतो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे का हो?"

मी पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस. ट्रॅक्टर सोडा, स्कूटर लावायलाही रोज भांडण. पण माझ्या क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे माझ्या नावावरच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदवहीत, एका फायनान्स कंपनीचं ४ लाख ८० हजारांचं ट्रॅक्टरकर्ज होतं, हप्ते थकलेले, आणि पत्ता जालना जिल्ह्यातल्या एका गावाचा. त्या गावाला मी आजवर गेलेलो नाही.

नाव माझं, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीखही तीच: १ जून. इथेच मेख आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी बिनदिक्कत १ जून टाकायचे, म्हणून महाराष्ट्रात आमच्या पिढीचे ढिगाने लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत. त्यात आपल्या नावांची पद्धत अशी, की एका आडनावाच्या भावकीत अगदी सारखी नावं सहज सापडतात. कर्ज देणाऱ्याने पॅन नीट नोंदवला नाही की दोन माणसांची खाती एकाच रिपोर्टात चिकटतात. हे निस्तरताना मी काही चुका केल्या, काही थोडक्यात वाचलो.

"थोडे भरून विषय संपवू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा त्याचा सूर अगदी घरचा होता: "दादा, पाच हजार टाका, खातं रेग्युलर करून देतो, बाकीचं मग बघू." घरकर्ज अडकलेलं, बायको रोज विचारतेय काय झालं, अशा वेळी पाच हजार स्वस्त वाटतात. माझं बोट ॲपवर गेलंही होतं.

पण पैसे भरले की ते कर्ज तुमचंच आहे असा पुरावा तुम्हीच तयार करता. शिवाय साधं पैशाचं येणं वसूल करायला कर्ज देणाऱ्याने दावा लावायची मुदत कायद्याने साधारण ३ वर्षं असते. ती संपायच्या आत तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिलीत, किंवा थोडे पैसे भरून तसं लिहून दिलंत, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे मुदतीच्या काठावर आलेलं जुनं कर्ज तुमच्या एका भरण्याने पुन्हा ताजं होऊ शकतं.

सेटलमेंटचंही तेच. "निम्म्यात मिटवून टाका" हे ऐकायला बरं वाटतं, पण रिपोर्टात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही. पुढची बँक त्याचा अर्थ एवढाच घेते, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. जे कर्ज आपलं नाही त्याची सेटलमेंट करणं म्हणजे न केलेल्या चोरीचा दंड भरणं.

फोनवर भांडत बसणं

पहिले दहा दिवस मी हेच केलं. कस्टमर केअरला रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून कीर्तन. फोनवरच्या बोलण्याची तारीख कुठेच उमटत नाही, आणि या सगळ्या प्रकरणात तारीख हीच खरी गोष्ट आहे. शेवटी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल टाकला आणि त्यात सरळ विचारलं: कर्जाच्या कराराची प्रत द्या, अर्जावरचा फोटो आणि सही दाखवा, कुठला पॅन घेतला होता ते सांगा, आणि कर्जाची रक्कम नेमकी कुठल्या खात्यात वळती केली ते सांगा.

शेवटच्या प्रश्नावर भलेभले अडतात. माझ्या प्रकरणात पैसे थेट ट्रॅक्टरच्या डीलरला गेले होते, आणि अर्जावरचा फोटो माझा नव्हता.

सोबत पॅन-आधारच्या झेरॉक्स मागतात. त्या तशाच धाडू नका. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या आणि झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त अमुक खात्याच्या तक्रारीसाठी', खाली सही, तारीख. एका भानगडीतून दुसरी व्हायला नको.

वसुलीवाल्यांविषयी एवढंच, की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दारात कोणी आलंच तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. निम्मे तिथूनच परततात.

फक्त सिबिलला कळवून वाट बघणं

लोक 'सिबिल' म्हणतात, पण क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकीकडची नोंद दुरुस्त झाली म्हणून बाकी तिघींकडची आपोआप जाईलच असं नाही. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, तेव्हा चारही काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर, म्हणजे आपली पत सांगणारा आकडा, पडतो ही निव्वळ अफवा आहे.

दुसरी गोष्ट, या कंपन्या स्वतःच्या मनाने नोंद पुसत नाहीत. तुम्ही ऑनलाइन हरकत घेतली की ती कर्ज देणाऱ्याकडे जाते आणि तिथून होकार आला तरच खोडरबर फिरतो. म्हणून एकाच दिवशी दोन्हीकडे लिहा, कर्ज देणाऱ्याला आणि क्रेडिट कंपनीला. हरकत घेताना रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर, त्या कर्जाचा खाते क्रमांक आणि नेमकं काय चुकलंय ते एका ओळीत. रडगाणं नको. मी पहिल्यांदा दीड पान लिहिलं होतं, उत्तर आलं ते 'तपशील स्पष्ट करा'.

न बघताच "माझं नाही" म्हणणं

इथे थोडं कटू बोलतो. माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं कर्ज शेवटी त्यांचंच निघालं. मोबाइलच्या दुकानात 'नो कॉस्ट' म्हणून सही केलेला हप्ता, कुठल्या ॲपवरचं आत्ता-घ्या-नंतर-भरा. दुकानाचं नाव एक, कर्ज देणाऱ्याचं दुसरंच, म्हणून रिपोर्टातलं नाव ओळखू येत नाही. कधी बँक थकलेलं कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकते, मग त्या कंपनीचं नाव दिसतं आणि दचकायला होतं. आधी खातं उघडल्याची तारीख आणि रक्कम बघा, त्या महिन्याचं पासबुक काढा.

आणि जामीनदार! पतसंस्थेत मेहुण्यासाठी, शेजाऱ्यासाठी, नाही म्हणता आलं नाही म्हणून केलेली सही. "मी तर एक रुपया घेतला नाही" हे खरं असतं, पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून जामीनदाराच्या मागे लागू शकते. तिथे 'हे कर्ज माझं नाही' ही हरकत टिकत नाही. सहीच तुमची नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग दाद सहकार खात्याच्या निबंधकाकडे मागायची, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत.

घोटाळ्याला चूक समजणं

माझ्या प्रकरणात नामसाधर्म्य होतं. पण तुमचाच पॅन, तुमचाच फोटो आणि पैसे अनोळखी खात्यात गेलेले असतील तर तो गुन्हा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक कर्ज देणाऱ्याला लिहिलेल्या पत्रात टाका. रिपोर्टातला 'एन्क्वायरी' हा भागही वाचा, कर्जाचा अर्ज आला म्हणून कोणी तुमचा रिपोर्ट तपासला ते तिथे दिसतं. तुम्ही न केलेली चौकशी दिसली तर कोणीतरी तुमच्या नावाने दारं ठोठावतंय.

"स्कोअर ७५० करून देतो"

पैसे घेऊन हे सांगणारा माणूस तीच हरकत भरतो, जी तुम्ही फुकट भरू शकता. वर तुमचे ओटीपी त्याच्याकडे. पुढे चला.

रागाने स्वतःचे हप्ते थांबवणं

कार्डावर एक व्यवहार खोटा आहे म्हणून सगळंच बिल न भरणारे मी पाहिलेत. वादातली रक्कम लेखी कळवा, उरलेलं बिल वेळेवर भरा. नाहीतर खोटी थकबाकी निघून जाते आणि खरी मागे राहते.

तीस दिवस मोजायला विसरणं

२६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे: तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्तीचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई त्याने द्यायची. त्याने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनी रेंगाळली तर तिने. विनंती नाकारली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. म्हणून तक्रार करताना बँक खाते किंवा यूपीआय आयडीची जागा रिकामी सोडू नका.

कर्ज देणाऱ्याने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा टोलवाटोलवीचं दिलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही. क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आल्या आहेत.

दुरुस्ती झाली की विसरून जाणं

कर्ज देणारे ठरावीक दिवसांनी क्रेडिट कंपन्यांना पुन्हा माहिती पाठवत राहतात. क्रेडिट कंपनीकडची नोंद सुधारली आणि कर्ज देणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकात तीच घोळदार माहिती राहिली, तर पुढच्या खेपेला तो ट्रॅक्टर परत दारात. 'आमच्या नोंदीत हे खाते आपले नाही' असं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मागून घ्या आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहा. मी ते पत्र लॅमिनेट करून ठेवलंय, बायको हसते.

माझी नोंद ४७व्या दिवशी निघाली. त्यानंतर चार दिवसांनी फायनान्स कंपनीकडून १७ दिवसांचे १,७०० रुपये खात्यात जमा झाले. घरकर्जाची फाइल मात्र नव्याने भरावी लागली. आधीचे सॅलरी स्लिप जुने झाले होते.