विमान रद्द झालं? आधी मेसेज कधी आला ते बघा

सांगलीत विमानतळ नाही. पुण्याहून सकाळी सहाचं विमान धरायचं तर आमचं गिऱ्हाईक आदल्या रात्री अकरालाच गाडीत बसतं. त्यामुळे ‘आपल्या विमानाची वेळ बदलली आहे’ हा मेसेज आम्हाला जितका झोंबतो तितका कोथरूडकरांना झोंबत नसावा. मी बावीस वर्षं तिकिटं काढून देतोय. विमान रद्द झालं की दुकानात आलेला माणूस पहिलं विचारतो, “पैसे परत मिळतील का?” मी उलट विचारतो, “मेसेज कधी आला?” कारण मेसेजच्या वेळेवरून आतलं कारणही बरंचसं कळतं आणि आपला हक्कही ठरतो.

महिना-दोन महिने आधी आला असेल तर ते बहुतेक वेळापत्रकाचं काम. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. तिकीटविक्री मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. कुठल्या विमानतळावर कुठली वेळ मिळणार हे पक्कं व्हायच्या आतच आपण ऑगस्टमध्ये नोव्हेंबरचं तिकीट काढून बसतो. धावपट्टीची कामंही आधी जाहीर होतात. पुण्याची लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे; दुरुस्तीसाठी ती 2021 च्या ऑक्टोबरात 16 ते 29 तारखेपर्यंत पूर्ण बंद होती. अशा वेळी भांडण्यात अर्थ नाही. दुसरं विमान घ्या, नाहीतर पूर्ण पैसे.

आठ-दहा दिवस आधी आला तर मला पहिली शंका येते ती क्लब केल्याची. सकाळी सहाचं अर्धं रिकामं, अकराचंही अर्धं रिकामं, मग दोन्हींची माणसं एकात. मेसेजमध्ये लिहितील ‘ऑपरेशनल कारणास्तव’. या दोन शब्दांत काय वाट्टेल ते मावतं. पण दर वेळी लबाडीच असते असंही नाही. वैमानिकांच्या ड्यूटीला आणि विश्रांतीला सरकारी मर्यादा असतात. त्या 1 नोव्हेंबर 2025 पासून आणखी कडक झाल्या, इंडिगोची माणसांची जुळवाजुळव कोलमडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी हजारावर उड्डाणं रद्द झाली. विमानं जागेवर उभी होती, चालवायला ताजा माणूस नव्हता.

त्याच दिवशी आला तर हवामान, बिघाड किंवा साखळी. साखळी म्हणजे तेच विमान दिवसभर चार-सहा गावं करतं. जानेवारीत पुण्यात लख्ख ऊन असतं आणि विमान ‘धुक्यामुळे’ उशिरा असतं, तेव्हा लोक चिडतात. पण ते विमान दिल्लीहून यायचं असतं. घरातून निघण्याआधी फ्लाइटरडारवर (विमान या क्षणी कुठे आहे ते दाखवणारं ॲप) बघा, आपलं विमान येणार कुठून आणि तिथून ते उडालं का.

आता हक्क. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा: सुटायच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं तर पर्यायी विमान किंवा परतावा. त्याहून उशिरा कळवलं तर वर भरपाईही, तासाभराच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये. यात एक मेख आहे. मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याहून कमी असेल तर तेवढंच मिळतं. पुणे-बंगळूर 3,200 ला काढलं असेल तर साडेसात हजारांची स्वप्नं बघू नका. आणि हवामान, संप, सुरक्षा असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असलं तर भरपाई नाही. म्हणून काउंटरवर कारण लेखी मागा, निदान ईमेलवर. तोंडी ‘वेदर’ म्हणाले तर त्याच वेळी त्याच गावाची बाकीची विमानं जातायत का, ते फलकावर बघा आणि फोटो काढून ठेवा. अर्थात तो पक्का पुरावा नव्हे. दाट धुक्यात उतरायचं प्रशिक्षण प्रत्येक वैमानिकाकडे नसतं. पण एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकताना तो फोटो कामाला येतो.

नुसता उशीर असेल तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांनंतर खाणंपिणं मागता येतं. सहा तासांवर गेला की पर्याय किंवा पैसे.

एक चूक मात्र करू नका. रद्दचा मेसेज आला की घाईघाईने ॲपवर जाऊन स्वतःच तिकीट कॅन्सल करायचं नाही. नेहमीच्या बटणाने केलंत तर तुम्ही केलंत असं धरलं जाऊन पैसे कापले जायची भीती. मेसेजमधल्या लिंकवरूनच पर्याय निवडा.

दुसरी चूक माझी. एका काकूंचं तिकीट काढताना मी सवयीने दुकानाचा नंबर टाकला. नातवाच्या बारशाला निघाल्या होत्या. शनिवारी रात्री मेसेज आला, रविवारी दुकान बंद. पहाटे चारला त्या लोहगावला पोचल्या आणि विमान अकराला. भरपाई मागायला तोंड नव्हतं, कारण प्रवाशाचा संपर्कच दिलेला नसेल तर कंपनी सुटते. काकू काही बोलल्या नाहीत, बारशाचे पेढे मात्र शेजारच्या झेरॉक्सवाल्याला देऊन गेल्या. तेव्हापासून प्रवाशाचाच नंबर टाकतो. तुमच्या एजंटने कुठला टाकलाय ते आजच विचारा.

आणि परदेशी निघालेल्यांनी: कोल्हापूर-मुंबई एका पीएनआरवर आणि पुढचं लंडन दुसऱ्यावर असेल, तर पहिलं रद्द झाल्यावर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. तुम्ही तिथे नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी. एकाच पीएनआरवर काढा. जमत नसेल तर आदल्या दिवशीच निघा आणि अंधेरीच्या आत्याकडे मुक्काम करा. आत्या तशाही वर्षभर बोलावत असतात.