कुरण वाळलं तर: अमेरिकेतल्या चारा-मदतीचा अर्ज

२०२२ च्या जुलैत आमच्या टेक्सासच्या कुरणात गवताचा बुटाखाली नुसता भुगा व्हायचा. गायी चरायला जाईनात, पाण्याच्या टाकीपाशीच माना टाकून उभ्या राहायच्या. त्या वर्षी सरकारी मदत मिळाली, पण मिळायला हवी होती त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

दुष्काळात कुरण वाळलं तर चाऱ्याच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या या योजनेचं नाव लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्रॅम, म्हणजे एलएफपी. २००८ च्या फार्म बिलात, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्यात आली, २०१४ मध्ये कायमची झाली. अर्ज फार्म सर्व्हिस एजन्सी (एफएसए) या केंद्राच्या शेती खात्याच्या संस्थेच्या काउंटी, म्हणजे जिल्हा कार्यालयात करायचा. त्यासाठी विमा काढलेला असण्याची गरज नाही.

आधी नकाशा बघा. यू. एस. ड्रॉट मॉनिटर हा दुष्काळाचा नकाशा दर गुरुवारी निघतो. चराईच्या हंगामात तुमच्या काउंटीच्या कुठल्याही भागावर दुष्काळाचा ठरलेला रंग चढला, की काउंटी पात्र होते. पूर्वी डी-२ पातळी (तीव्र दुष्काळ; डी-३, डी-४ त्याहून वाईट) सलग आठ आठवडे लागायची. २०२५ च्या कायद्याने ते सैल झालं: डी-२ च्या सलग चार आठवड्यांना एका महिन्याचे पैसे, आठपैकी सात आठवड्यांना दोन महिन्यांचे. डी-३ एकदा जरी लागला तरी तीन महिने. डी-३ चार आठवडे राहिला किंवा डी-४ नुसता शिवून गेला, तर चार. डी-४ चार आठवडे राहिला तर पाच.

आता हिशोब, आणि आमचं घोडं इथेच अडलं. एका महिन्याचे पैसे म्हणजे चाऱ्याच्या खर्चाचे ६० टक्के. पण तो खर्च दोन तऱ्हांनी काढतात: तुमची जनावरं किती, आणि तुमची जमीन एरवी किती जनावरं पोसू शकते. दोन्हींत जो आकडा कमी, तोच धरतात. आमच्या गायी चाळीस. शेजारचं कुरण तोंडी बोलीवर घेतलेलं, त्यामुळे एकरांच्या नोंदीत, म्हणजे एफएसए-५७८ वर, ते दाखवायचंच राहिलं. नोंदीतली जमीन बावीस गायींपुरती; पैसेही बावीस गायींचेच आले. म्हणून खंडाचा करार लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या, आणि ते कुरण नोंदीत चढवा. हे काम पाऊसपाणी चांगलं असतानाच उरका.

जनावरं दुष्काळ सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांत तुमच्या मालकीची किंवा भाड्याने घेतलेली असावी लागतात. फीडलॉटमधली, म्हणजे गोठ्यात बांधून खाऊ घालून पोसलेली, चालत नाहीत. चाऱ्याअभावी आधीच्या दोन वर्षांत काही विकली असतील, तर त्यांच्यासाठीही नेहमीच्या दराच्या ८० टक्के मिळतात, म्हणून बाजारातली विक्रीची पावती टाकून देऊ नका. मी पावत्या, गुरांच्या डॉक्टरांची बिलं, वासरांची मोजणी सगळं एका डब्यात ठेवते.

आगीचं मात्र नीट समजून घ्या. एलएफपीत आग धरतात ती फक्त केंद्र सरकारच्या ताब्यातल्या कुरणावरची, तीही चराई बंद केली तरच. २०२४ च्या फेब्रुवारीत स्मोकहाउस क्रीकच्या वणव्यात टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागातलं दहा लाख एकरांहून जास्त रान जळालं, त्यातलं बहुतेक खाजगी. खाजगी कुरण जळालं तर ईएलएपी ही वेगळी योजना आहे. जनावरं मेली तर एलआयपी. त्या त्या योजनेचं नाव घेऊनच चौकशी करा.

एलएफपीचा अर्ज सीसीसी-८५३ या फॉर्मवर, नुकसानीच्या पुढच्या वर्षी १ मार्चपर्यंत. सोबत उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म सीसीसी-९४१ लागतो, आणि माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरच्या वर काही मिळत नाही. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा कार्यालयात भेटीची वेळ मिळणं मुश्किल होतं.

यंदा एकरांच्या नोंदीची प्रत हातात पडताच मी टेबलापाशी उभ्याउभ्याच शेजारच्या कुरणाचा फील्ड नंबर शोधला. दुसऱ्या पानावर होता.